‘द रेल्वे मेन’ आणि ‘नाइटस्लीपर’ : थांबलेली गाडी, न थांबणारी गाडी

रेल्वेगाडीत घडणाऱ्या थरारमालिकेकडून माझी पहिली अपेक्षा अशी असते की, गाडी का थांबत नाही किंवा तिला का थांबवता येत नाही, याचे पटण्यासारखे कारण लेखकाने दिले पाहिजे. रेल्वेचे ब्रेक, सिग्नल, नियमपुस्तके आणि रात्रपाळीला जागणारी माणसे ही गाडी चालवण्यासाठी जितकी आहेत, त्याहून अधिक ती वेळेवर थांबवण्यासाठी आहेत. या कसोटीवर मी दोन मालिका पाहिल्या. नेटफ्लिक्सवर १८ नोव्हेंबर २०२३ रोजी आलेली चार भागांची ‘द रेल्वे मेन’ भोपाळच्या वायुदुर्घटनेच्या रात्रीवर बेतलेली आहे. बीबीसीने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेली सहा भागांची ‘नाइटस्लीपर’ ग्लासगोहून लंडनला निघालेल्या रात्रीच्या गाडीची कथा सांगते, आणि त्या गाडीचा ताबा दूर बसलेला कोणीतरी संगणकाच्या मार्गाने घेतो. दोन्ही मालिका मेहनतीने केलेल्या आहेत. परंतु रेल्वेच्या खरेपणाच्या बाबतीत त्या एका पातळीवर नाहीत, आणि का नाहीत हे नीट सांगण्यासारखे आहे.

धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या गावात रेल्वेभरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुले बरीच आहेत आणि त्यांतील अनेकांना मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले आहे. मोबाइलवर या मालिका पाहून त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, “मॅडम, ब्रेक असा बाहेरून बंद करता येते का हो?” प्रश्न माझ्याकडे येण्याचे दुसरेही कारण होते. माझे वडील बडनेरा ते वर्धा या पट्ट्यातील लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर होते, आमचे बालपण मालखेड आणि तळणीच्या रेल्वे क्वार्टरांत गेले, आणि धाकटा भाऊ मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झाला. त्यामुळे दोन्ही मालिका मी भावासोबत, मध्ये थांबवून थांबवून पाहिल्या.

आधी ‘द रेल्वे मेन’. शिव रवैल यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीचे भोपाळ स्टेशन आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू फलाटांवर पसरतो आणि के. के. मेनन यांनी साकारलेले स्टेशन मास्तर इफ्तेकार सिद्दिकी प्रवाशांना वाचवण्यासाठी उभे राहतात. त्यांच्या सोबतीला पूर्वी कार्बाइडमध्ये काम केलेला तरुण इमाद (बाबिल खान) आहे, पोलिसाच्या वेषात आलेला एक दरोडेखोर (दिव्येंदु) आहे, आणि इटारसीकडून मदतीची गाडी घेऊन निघणारे मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक रती पांडे (आर. माधवन) आहेत. भोपाळ त्या वेळी मध्य रेल्वेतच होते, कारण पश्चिम मध्य रेल्वे हा वेगळा झोन २००३ मध्ये अस्तित्वात आला. म्हणजे नागपूर, बडनेरा आणि भोपाळ ही ठिकाणे तेव्हा एकाच रेल्वेत होती. ही गोष्ट मालिकेने बरोबर धरली आहे आणि आमच्याकडील जुन्या रेल्वे कुटुंबांना ती लगेच जाणवते. नागपूर ते इटारसी हा सुमारे ३०० किलोमीटरचा, सातपुड्याच्या घाटातून जाणारा मार्ग आमच्या भागातील कित्येक ड्रायव्हर आणि गार्ड यांच्या रोजच्या पायाखालचा होता.

मालिकेचा मोठा ताण असा आहे की, भोपाळ स्टेशनचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला आहे आणि प्रवाशांनी भरलेली गोरखपूर एक्सप्रेस भोपाळकडे येत आहे. तिला कोण आणि कसे कळवणार, या प्रश्नावर पहिले भाग उभे आहेत. अभिनय आणि वेग यांमुळे सामान्य प्रेक्षकाला श्वास रोखून बसावे लागते. रेल्वेत वाढलेल्या माणसाला मात्र इथे एक अडचण दिसते, आणि ती अडचण साधी नाही.

आपल्या रेल्वेत गाडी एका स्टेशनहून पुढे सोडायची असेल तर पुढच्या स्टेशनची परवानगी लागते. तिला लाइन क्लिअर म्हणतात. वडिलांच्या ऑफिसात टेबलाच्या दोन्ही बाजूंना ब्लॉक यंत्रे बसवलेली होती, एक बडनेऱ्याच्या दिशेचे आणि दुसरे वर्ध्याच्या दिशेचे, आणि दोघांच्या घंटांचा आवाज मुद्दाम वेगळा ठेवलेला होता, म्हणजे झोपेच्या काठावर असलेल्या माणसालाही कोणत्या बाजूने बोलावणे आले हे कळावे. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन ठोके म्हणजे लाइन क्लिअर आहे का. मग पुढच्या स्टेशनचा मास्तर मागची गाडी पूर्ण निघून गेली आहे याची खात्री करून आपल्या यंत्राचा दांडा फिरवतो, आपल्याकडची सुई ‘लाइन बंद’वरून ‘लाइन क्लिअर’वर येते, आणि तेव्हाच स्टेशनच्या हद्दीतला शेवटचा सिग्नल पाडता येतो, म्हणजे गाडीला पुढे जाण्याची खूण देता येते. गाडी निघाली की तीन ठोके, पोचली की चार. मालगाड्यांची रांग लागलेल्या रात्री हा संवाद पहाटेपर्यंत चाले आणि आम्ही मुले तो ऐकत झोपत असू.

आता या व्यवस्थेत पुढचे स्टेशन गप्प झाले तर काय होते? मागच्या स्टेशनला लाइन क्लिअर मिळत नाही, सिग्नल पडत नाही, आणि गाडी मागेच उभी राहते. म्हणजे भोपाळचा संपर्क तुटणे हीच गोष्ट येणारी गाडी अडवायला पुरेशी असते. तिला अडवण्यासाठी भोपाळला ओरडून सांगावे लागत नाही. पहिला भाग संपताना भाऊ एवढेच म्हणाला, “ताई, लाइन क्लिअरच नाई भेटलं, त मंग गाडी सुटली कशी?” सगळे संपर्क तुटले तरी काम बंद पडू नये म्हणून नियमपुस्तकात तरतूद आहे, पण त्या तरतुदीनुसार दुहेरी मार्गावर दोन गाड्यांत तीस मिनिटांचे अंतर ठेवून, ड्रायव्हरच्या हातात लेखी अधिकारपत्र देऊन, समोरचे स्पष्ट दिसत असेल तर ताशी २५ किलोमीटर आणि दिसत नसेल तर ताशी १० किलोमीटर इतक्या वेगानेच गाडी न्यायची असते. रात्रीच्या अंधारात अशी गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने येते आणि हातदिवा लाल दाखवून तिला कोणीही थांबवू शकतो. एक्सप्रेस भरधाव येत आहे आणि कोणालाच काही करता येत नाही, हे चित्र या नियमांशी जुळत नाही. लाइन क्लिअर आधीच दिलेली होती आणि गाडी त्यानंतर वाटेत होती, असे एका वाक्यात सांगितले असते तरी माझा आक्षेप बराच कमी झाला असता.

तरीही ‘द रेल्वे मेन’ला मी वर ठेवते, आणि याचे कारण तिच्या गाभ्यात असलेली एक खरी गोष्ट आहे. रेल्वेतल्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते की शंका आली तर थांबा, थांबलेली गाडी सुरक्षित असते. भोपाळच्या त्या रात्री हा धडा उलटा झाला होता. विषारी वायू जमिनीलगत पसरत असताना फलाटावर उभी असलेली, डब्यांची दारे उघडी असलेली, शेकडो माणसे खालीवर करत असलेली गाडी हीच सर्वांत धोक्याच्या जागी होती. बाहेरच्या सिग्नलला परवानगीची वाट पाहत थांबलेली गाडीही तितकीच. सिद्दिकींची व्यक्तिरेखा ज्यांच्यावरून घेतली आहे ते भोपाळचे तत्कालीन उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी त्या रात्री फलाटावर उभी असलेली एक्सप्रेस ठरलेल्या वेळेआधीच सोडली आणि विदिशा व इटारसी या बाजूंना कळवून भोपाळकडे येणारी वाहतूक थांबवायला लावली. हे दोन निर्णय परस्परांच्या उलट दिशेचे आहेत. एक गाडी काढून द्यायची आणि बाकीच्या अडवायच्या, आणि तेही घसा आणि डोळे जळत असताना.

प्रवासी गाडी तिच्या जाहीर वेळेआधी सोडणे ही स्टेशन मास्तरसाठी किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. वडिलांच्या नोकरीत वेळेच्या नोंदीतील दोन मिनिटांच्या फरकासाठीही खुलासा मागितला जात असे. वेळेआधी गाडी सोडायची म्हणजे तिकीट काढून फलाटाबाहेर चहा पिणाऱ्या माणसाला मागे टाकण्याची जबाबदारी अंगावर घ्यायची, नियमभंग आपल्या सहीने करायचा, आणि नंतर चौकशी झाली तर एकट्याने उत्तर द्यायचे. मालिकेत के. के. मेनन यांच्या चेहऱ्यावर हा हिशेब दिसतो. ते ओरडत नाहीत, धावताना फिल्मी वाटत नाहीत, आणि नियम माहीत असलेला माणूस तो मोडताना जसा क्षणभर थबकेल तसे थबकतात. अशी लकब मी खऱ्या मास्तरांत पाहिलेली आहे. संपर्क तुटण्याचा भाग काढून टाकून लेखकांनी याच निर्णयावर आणखी वेळ दिला असता, तर मालिका अधिक खरी आणि माझ्या मते अधिक थरारकही झाली असती.

ब्लॉक यंत्रावर सलग सहा ठोके वाजवले तर त्याचा अर्थ पुढे अडथळा आहे, धोका आहे, गाडी सोडू नका असा होतो. शेजारच्या स्टेशनच्या मास्तराने मध्यरात्री ते सहा ठोके ऐकले, उलट विचारले आणि पलीकडून उत्तर आले नाही, यापेक्षा भीतिदायक दृश्य भोपाळच्या कथेत कोणते असू शकेल, हे मला सुचत नाही. भोपाळच्या उत्तरेला निशातपुरा हे लगतचे स्टेशन आहे आणि कार्बाइडचा कारखानाही शहराच्या त्याच अंगाला होता. त्या बाजूच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसांचे काय झाले असेल, याचा विचार मनात आला की दरोडेखोराचे उपकथानक फारच हलके वाटू लागते. दिव्येंदु काम चांगले करतात. पण स्टेशनची तिजोरी लुटायला आलेला माणूस या कथेला लागत नाही. गोरखपूर एक्सप्रेसमधील शीख आई-मुलाचा आणि त्यांना वाचवू पाहणाऱ्या गार्डचा भाग त्या मानाने जागेवर बसतो, कारण १९८४च्या त्या महिन्यांत रेल्वेच्या डब्यांत घडलेले अत्याचार ही ताजी गोष्ट होती, आणि प्रवाशांची जबाबदारी गार्डवर असते हे त्या भागात नीट दिसते.

‘नाइटस्लीपर’ची गोष्ट निराळी आहे. निक लेदर यांनी लिहिलेल्या या मालिकेत घटना जवळजवळ प्रत्यक्ष वेळेच्या चालीने घडतात. गाडीत योगायोगाने असलेला जो (जो कोल) आणि सायबर सुरक्षेच्या सरकारी केंद्रातील अॅबी (अलेक्झांड्रा रोच) हे दोघे फोनवर बोलत राहतात. ती सांगते आणि तो हाताने करून पाहतो. एकमेकांना न पाहिलेल्या दोन माणसांमध्ये केवळ आवाजावर विश्वास तयार होणे हे रेल्वेच्या स्वभावाशी फार जुळणारे आहे, कारण दोन शेजारच्या स्टेशनांचे मास्तर वर्षानुवर्षे असेच फोनवर काम करतात, प्रत्येक परवानगीसोबत छापील तक्त्यातला गुप्त क्रमांक देतात, आणि कधी कधी निवृत्तीपर्यंत एकमेकांचा चेहरा पाहत नाहीत. या संबंधाची उभारणी मालिकेने मनापासून केली आहे आणि ती मला आवडली.

ताबा घेणाऱ्याने लपवलेल्या यंत्राने गाडीचे ब्रेक निकामी केले आहेत, हा भाग मात्र मला मान्य करता आला नाही. आपल्या घरातील बहुतेक यंत्रे ऊर्जा दिली की काम करतात आणि ऊर्जा काढली की बंद पडतात. रेल्वेचा ब्रेक याच्या उलट बांधलेला आहे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप जातो आणि त्यात हवेचा दाब कायम ठेवावा लागतो, आपल्याकडे तो प्रतिचौरस सेंटिमीटर सुमारे ५ किलोग्रॅम असतो. हा दाब भरलेला असतो तोवर ब्रेक सुटलेले असतात. पाइप फुटला, डबे तुटून वेगळे झाले, कोणी साखळी ओढली, गार्डने आपल्या डब्यातील झडप उघडली, की दाब उतरतो आणि प्रत्येक डब्याखाली साठवलेली हवा त्या त्या डब्याचे ब्रेक आवळते. गाडीला थांबवण्यासाठी कोणाची आज्ञा लागत नाही. चालू राहण्यासाठी मात्र सगळे व्यवस्थित असावे लागते. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकचेही तत्त्व हेच होते, तिथे पोकळी टिकवावी लागे. आमच्या मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरच्या छोट्या शकुंतलेवर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते, तरी या बाबतीत ती आजच्या राजधानीची नातेवाईकच होती. १९८०च्या ‘द बर्निंग ट्रेन’ या चित्रपटात खलनायक व्हॅक्यूम ब्रेक काढून टाकतो आणि त्यामुळे गाडी थांबत नाही असे दाखवले आहे. पोकळी गेली की ब्रेक लागतात, हे त्या वेळच्या रेल्वेतल्या प्रत्येक खलाशाला, म्हणजे मदतनीस कामगाराला, माहीत होते. चाळीसहून अधिक वर्षांनंतरची ‘नाइटस्लीपर’ व्हॅक्यूमच्या जागी संगणक आणते, पण गृहीतक तेच ठेवते.

हे खटकण्याचे आणखी एक कारण असे की, ही मालिका ब्रिटनची आहे. तेव्हा ब्रिटिश सत्तेखाली असलेल्या आयर्लंडमध्ये १२ जून १८८९ रोजी आर्माजवळ सहलीला निघालेल्या मुलांची गाडी चढावर अडकली, ती दोन भागांत सोडवताना मागचे डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे गेली. त्या गाडीलाही व्हॅक्यूम ब्रेक होते, पण ते आपोआप लागणारे नव्हते. डबे सुटताच त्यांचा ब्रेक नाहीसा झाला. त्याच वर्षी कायदा होऊन प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे, सलग ब्रेक सक्तीचे झाले. ज्या देशाने हा नियम इतकी किंमत मोजून केला, त्या देशाच्या थरारमालिकेने त्याला एका लपवलेल्या यंत्राने बाजूला सारावे, याचे मला वाईट वाटले. आधुनिक गाड्यांत ब्रेकचे नियंत्रण संगणक करतो हे खरे आहे. परंतु आणीबाणीच्या ब्रेकसाठी वेगळी, तारेने जोडलेली विजेची साखळी ठेवलेली असते आणि ती कुठेही तुटली तर गाडी थांबते. संगणकाला खोटे सांगता येते, तुटलेल्या तारेला आणि फुटलेल्या पाइपला येत नाही.

ग्लासगो–लंडन हा संपूर्ण मार्ग १९७४ पासून विजेवर आहे. वरच्या तारेतील वीज बंद केली तर विजेचे इंजिन ओढणार कशाने, आणि ते दुसऱ्या कशावर चालत असेल तर त्याचे इंधन कोणी का तोडू शकत नाही, या प्रश्नांची पटतील अशी उत्तरे मला सहा भागांत सापडली नाहीत. मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या दालनांत मालिका भरपूर वेळ घालवते. त्यातला थोडा वेळ तारांवरच्या विजेला दिला असता तर बरे झाले असते. प्रत्यक्षात रेल्वेवर बाहेरून केलेल्या हल्ल्याचे एक चांगले नोंदवलेले उदाहरण ऑगस्ट २०२३ मधले पोलंडचे आहे. तिथे कोणीतरी साध्या रेडिओवरून गाड्या थांबवण्याचा इशारा प्रसारित केला आणि सुमारे वीस गाड्या उभ्या राहिल्या. हल्ला झाला तरी परिणाम थांबण्यातच झाला, कारण यंत्रणेचा कलच त्या बाजूला आहे.

मग चालकाविना पळणारी गाडी अशक्य आहे का? अजिबात नाही, आणि इथेच अशा मालिका लिहिणाऱ्यांनी वर्तमानपत्रे अधिक लक्षपूर्वक वाचायला हवीत. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूच्या कठुआ स्टेशनवर उभी असलेली, खडीने भरलेली ५३ वाघिणींची (मालडब्यांची) मालगाडी चालकाविना उतारावरून निघाली आणि सुमारे ७० किलोमीटर धावत पंजाबातील ऊंची बस्सीपर्यंत गेली. वाटेतली फाटके बंद करण्यात आली, रुळांवर लाकडी ठोकळे ठेवण्यात आले, आणि कोणालाही इजा न होता ती थांबली. तिथे कोणी संगणकतज्ज्ञ नव्हता. उभ्या गाडीच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गळत जाते, म्हणून इंजिन बंद करून गाडी ठेवताना हँडब्रेक आवळायचे असतात, चाकांना साखळ्या आणि लाकडी पाचरी लावायच्या असतात. चंद्रपूरकडून येणारा कोळशाचा रेक, म्हणजे जोडलेल्या वाघिणींची पूर्ण गाडी, एखाद्या स्टेशनवर दोन दिवस उभा ठेवायचा झाला की भाऊ अंधारात टॉर्च घेऊन वाघिणीमागून वाघीण हँडब्रेकचे चाक फिरवत जात असे, आणि शेवटची पाचर पायाने ठोकून पाहिल्याशिवाय परतत नसे. या कामाचा कंटाळा आणि त्याचे महत्त्व ही दोन्ही एकत्र दाखवणारी एखादी पाच मिनिटे मालिकेत असती, तर पुढे पळणाऱ्या गाडीचा प्रत्येक किलोमीटर प्रेक्षकाच्या अंगावर आला असता.

थांबणे हेच जिथे संकट होते अशी आणखी एक खरी घटना लेखकांना उपयोगी पडण्यासारखी आहे. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्राखालील बोगद्यात ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीला आग लागली. अशा वेळी न थांबता बोगद्याबाहेर निघून जायचे असा ठरलेला मार्ग होता. तेवढ्यात ड्रायव्हरसमोर गाडी रुळावरून घसरण्याची शक्यता सांगणारा दिवा लागला आणि नियमाप्रमाणे त्याला थांबावे लागले. दोन नियम, दोन्ही शहाणपणाचे, आणि ते एकमेकांच्या विरोधात उभे. सगळे वाचले, पण त्या ड्रायव्हरच्या हातातले ते काही सेकंद कोणत्याही काल्पनिक हल्ल्यापेक्षा मोठे आहेत. ‘द रेल्वे मेन’ला भोपाळमध्ये असाच पेच मिळाला होता आणि तिने तो निम्मा तरी ओळखला, ‘नाइटस्लीपर’ने तो शोधलाच नाही.

बारीकसारीक गोष्टींत दोन्ही मालिकांचा दर्जा बरा आहे. ‘द रेल्वे मेन’मधले स्टेशनचे वातावरण, हमाल, चौकशी खिडकी, अधिकारी आल्यावर बदलणारे आवाज, हे सर्व विश्वासार्ह आहे आणि रेल्वेतील माणसांची श्रेणी त्यांच्या उभे राहण्यातून कळते. ‘नाइटस्लीपर’मधल्या अरुंद वाटा आणि झोपेच्या डब्यांतील कोंडी चांगली उतरली आहे. दोन्हींचे पार्श्वसंगीत गाडीच्या आवाजावर चढते, ते मला आवडले नाही. रुळांच्या सांध्यांचा ठेका बदलला की वेग बदलला हे ऐकूनच कळते आणि ते ऐकू द्यायला हवे होते.

माझी सर्वांत मोठी तक्रार गार्डविषयी आहे, ज्यांना २०२२ पासून आपल्याकडे ट्रेन मॅनेजर म्हणतात. गाडी सुटण्याआधी शेवटच्या डब्यातला हा माणूस आपल्या झडपेने थोडा दाब उतरवतो, पुढे इंजिनात ड्रायव्हरसमोरची सुई खाली येते, आणि पाइप सलग असल्याची दोघांना खात्री पटते. वाटेत प्रत्येक स्टेशनवर मास्तर किंवा पॉइंटमन उभा राहून गाडीच्या शेवटी पाटी किंवा लाल दिवा आहे ना हे पाहतो, कारण तो दिसला नाही तर काही डबे मागे तुटून राहिले असण्याची शक्यता असते आणि मागून येणारी गाडी अडवावी लागते. गाडीवरचा थरार लिहिणाऱ्याला याहून तयार साहित्य कोणते हवे? ‘द रेल्वे मेन’मधला गार्ड माणूस म्हणून धीट आहे, पण तो गार्ड म्हणून काम करताना फारसा दिसत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी ‘द रेल्वे मेन’ आवर्जून पाहायला सांगितले आहे, विशेषतः सिद्दिकी स्टेशन सोडून जाण्याची संधी असताना जात नाहीत तो भाग. ‘नाइटस्लीपर’ सुटीच्या दिवशी, जो आणि अॅबी यांच्या संवादासाठी पाहावी. ती पाहून झाल्यावर धामणगावच्या स्टेशनवर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीच्या दोन डब्यांमध्ये, फलाटावरूनच, वाकून पाहावे. लोंबणारे रबरी नळ तिथे दिसतात, आणि ब्रेक बाहेरून बंद करता येतो का या प्रश्नावर पुढच्या रविवारी आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू, असे मी त्यांना सांगितले आहे.